एक्स्पोजर

अमळनेरात माझं दुकान आहे, स्टेशनाकडून येताना डाव्या हाताला.
लग्न, हळद, जाऊळ, रिटायरमेंट.
ड्रोन हवा असेल तर दोन हजार वेगळे.
अकरा वर्षांत मी एकच गोष्ट नीट शिकलो:
एक्स्पोजर नवरदेवाच्या तोंडावर धरायचं.
मग फेटा झळकतो, दात झळकतात,
घोडीच्या कपाळावरचे गोंडेसुद्धा,
आणि डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बायका
आपोआप काळोखात जातात.
त्यांना कापावं लागत नाही.
तरी एखादी दिसलीच
तर मुलीचा मामा खुर्ची ओढून शेजारी बसतो,
"ही बाई काढ ना भाऊ.
आणि नवरी दोन पॉइंट उजळ कर."
केल्यात मी उजळ.
चारशेच्या वर.

तक्षशील बैसाणे आला मे महिन्यात, भर दुपारी,
सोबत त्याची मावशी धुडाबाई, सुपारीचे पैसे न्यायला.
त्यानं मोबाइल पुढे केला. हे बघ.
सातासमुद्रापलीकडचं रॅप, शब्द मला कळेनात.
रस्त्यावर एक पोरगा पालथा,
त्याच्याभोवती खडूची रेघ,
लोक येतात, जातात, कुत्रं वास घेऊन निघून जातं,
कॅमेरा हलत नाही.
मी म्हटलं, शूटिंगवाला चहाला गेला की काय?
तक्षशील हसला नाही.
धुडाबाईनं मान वाकवून पाहिलं,
"काया शे हाऊ पोऱ्या. आपलासारखा."

अहिराणीत काया म्हणजे काळा.
काया म्हणजे अंगही,
हे मला रात्री सुचलं,
कुणाच्या तरी हळदीचा रंग वाढवत असताना.

मग बोरीच्या कोरड्या पात्रात
हातगाडीवर जनरेटर,
सहा बायका, सहा झुंबरं,
आणि एकीपासून दुसरीकडे जाणारी वायर.
एक थांबली की सगळ्या थांबतात.
एक अडखळली की सहा मानांना हिसका.
ही वायर मी कधी पाहिलीच नव्हती,
ती नेहमी फ्रेमच्या खाली असायची.
तक्षशील वाळूत अनवाणी:

दिवा मन्हा डोकावर,
उजेड तुन्हा तोंडवर,
वरात तुन्ही पुढे गई
मी उभी रस्तावर!

जनरेटरच्या आवाजात अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही.
पहिला टेक झाल्यावर तो माझ्याजवळ आला.
"दादा, एक्स्पोजर मावशीच्या तोंडावर धर."
धरलं.
मागची मिलची भिंत पांढरीफटक,
दिवे फाटले, तक्षशीलचा शर्ट फाटला,
आकाश तर गेलंच.
उरली हनुवटीवरची तीन गोंदणं,
कानशिलावरून उतरणारा घाम,
आणि डोळे, जे थेट लेन्समध्ये बघत होते.
वरातीत ती खाली बघते.
हात शिवशिवला, पॅन करावं म्हणून,
सवयच ती.
मोजून दोन मिनिटं नाही हललो.

व्हिडिओ चढवला. नऊशे लोकांनी पाहिला,
त्यातले शंभरेक आमच्याच गल्लीतले.
खाली कुणी ज्वाळा टाकल्या, कुणी शिव्या,
शिव्यांत जात अचूक लिहिलेली, व्याकरणासकट.
मंगळवारी एक ॲडव्हान्स परत न्यायला आले.
"ते पोरांचं शूटिंग तूच केलं ना?"
आवाज गोड. पैसे दोनदा मोजले.

धुडाबाईला दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर दाखवला.
ती उभ्यानंच बघत राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.
संपल्यावर म्हणाली, परत लाव.
परत लावला.
मग पदरानं मानेचा मागचा भाग चोळत म्हणाली,
"समदं दिखस. मान दुखस ती दिखत नही."
आणि उरलेले सत्तर रुपये मागून घेतले.

शनिवारी पारोळ्याला लग्न आहे.
तिला सुपारी आहे, मलाही.
घोडी आठला निघेल.
बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात,
लेन्स दोनदा पुसून झाली,
एक्स्पोजरचं अजून ठरलेलं नाही.